पुनश्च अंक पहिला

अमेरिकन सुपरहिरोला मरणाची भीती नसते. मेलेला सुपरहिरो वर्ष-दोन वर्षांत परत येतो हे वाचकाला ठाऊक असतं, लेखकाला ठाऊक असतं, आणि खांदा द्यायला जमलेल्या बाकीच्या सुपरहिरोंच्या चेहऱ्यावरही फारसं दुःख दिसत नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, दुकानांपुढे रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी स्वारी परत हजर, केस तेवढे मानेवर रुळत होते. सुपरहिरोला खरी धास्ती असते ती रिबूटची. मेला तर निदान तो जगला होता एवढं तरी जग मान्य करतं. रिबूट झाला की तो जगलाच नव्हता. त्याचं लग्न, त्याची भांडणं, त्याचं मरण आणि मरणातून परत येणं, सगळंच रद्दबातल. आणि ते सगळं पदरचे पैसे मोजून वाचणारे आम्ही मात्र खरेच, कारण आमची कपाटं भरलेली असतात.

३१ ऑगस्ट २०११, बुधवार. इकडे दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक बुधवारीच येतात, असा तिथला शिरस्ता आहे. त्या बुधवारी डीसी कॉमिक्सनं ‘फ्लॅशपॉइंट’चा शेवटचा अंक काढून जुनं विश्व मिटवलं आणि त्याच दिवशी ‘जस्टिस लीग’चा पहिला अंक काढून नवं विश्व सुरू केलं. निमित्त काय, तर फ्लॅश नावाचा अतिवेगवान नायक भूतकाळात धावत गेला आणि त्यानं आपल्या आईचा खून टाळला. त्यानं इतिहास विस्कटला, आणि तो पुन्हा जुळवताना निराळाच जुळला. आईवर प्रेम आम्हालाही समजतं, आम्ही साने गुरुजी वाचलेले आहेत. पण श्यामनं आईपायी विश्वाचा इतिहास पुसला नव्हता.

पुढच्या महिन्याभरात एकूण ५२ मालिका निघाल्या आणि सगळ्यांवर एकच आकडा: १. म्हणून या प्रकाराचं नावच ‘न्यू ५२’. सुपरमॅन जिथे जन्मला ते ‘ॲक्शन कॉमिक्स’ १९३८ पासून चालू होतं आणि ९०४ अंकांपर्यंत आलं होतं. बॅटमॅनचं घर असलेलं ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ त्याहून एक वर्षानं जुनं, ते ८८१ वर होतं. दोघांनाही पुन्हा पहिलीत बसवलं. कारण विचाराल तर एकच: नवा वाचक.

हा नवा वाचक मी आजवर पाहिलेला नाही. प्रकाशकांनीही पाहिला असावा असं वाटत नाही. पण त्याच्या आवडीनिवडी मात्र सगळ्यांना तोंडपाठ. त्याला जुन्या गोष्टींचं ओझं नको असतं. त्याला विवाहित नायक आवडत नाहीत. त्याला पाचशेव्या अंकापासून वाचायची भीती वाटते; दुकानाच्या दारात येतो, मुखपृष्ठावरचा आकडा बघतो आणि घाबरून परत जातो म्हणे. त्याला आत घेण्यासाठी प्रकाशक दर काही वर्षांनी विश्वाची पाटी पुसतात. आणि जुना वाचक? तो घरचाच आहे, तो कुठे जातोय!

आता माझ्यासारख्या माणसाला या आकड्यांच्या भीतीचं मोठं नवल वाटतं. माझी आणि सुपरमॅनची गाठ पडली ती माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर. तिथल्या पुस्तकवाल्यांकडे अमेरिकन कॉमिक्स यायची ती मुखपृष्ठ असेल-नसेल अशा अवस्थेत आणि कुठल्याही क्रमानं. चार भागांच्या कथेचा तिसरा भाग आधी मिळायचा, चौथा दिवाळीनंतर, दुसरा दुसऱ्याच विक्रेत्याकडे, आणि पहिला कधीच नाही. खलनायक कोण, तो चिडलाय कशावर, मागच्या अंकात कोणी कोणाला फसवलं, हे आम्ही कोपऱ्यातल्या बारीक चौकटीतल्या तळटिपांवरून ताडायचो. ‘पाहा अंक अमुक’ असं तिथे संपादक सुचवायचे. आम्ही पाहणार कुठे? मनातच पाहायचो. मला तर अजूनही वाटतं, मी मनात पाहिलेले ते अंक छापलेल्यांपेक्षा सरस होते.

आणि मुळात गोष्टीत मधूनच शिरायचं यात वावगं ते काय? आपल्याकडे महाभारत कोणी आदिपर्वापासून ऐकायला बसलंय? कोणाला आधी भीम-बकासुर भेटतो, कोणाला कीर्तनात कर्ण, कोणाला रविवारी सकाळी टीव्हीवर थेट द्यूत. तरी कोणाचं काही अडत नाही. भीष्म कोण, हे कळायला आजीला चार प्रश्न विचारावे लागतात, एवढंच. व्यासांच्या प्रकाशकानं नव्या वाचकासाठी कुरुवंशाचा पहिला अंक पुन्हा काढायचं ठरवलं असतं तर पहिली कात्री शंतनूच्या दुसऱ्या लग्नाला लागली असती.

तर काय काय गेलं, ते सांगतो.

पहिली गेली सुपरमॅनची लाल चड्डी. विजारीवरून घातलेली ती चड्डी म्हणजे त्या काळच्या सर्कशीतल्या ताकदवान पहिलवानांच्या पोशाखाचा वारसा. तिच्यावरून जगानं ७३ वर्षं विनोद केले. माझ्या वडिलांनी तर आयुष्यात एकदाच सुपरमॅनचं मुखपृष्ठ हातात घेतलं, चष्मा वर सारून बघितलं आणि विचारलं, “याला सांगणारी आई नाही का?” आता त्याला दोन आया. एक जन्म दिलेली, क्रिप्टन ग्रहावरची. दुसरी वाढवणारी, कॅन्ससमधल्या शेतावरची. दोघींपैकी एकीनंही सांगितलं नाही, आणि तेच बरं होतं. कारण जिम ली या चित्रकारानं २०११ साली ती काढून घेतली आणि त्याला उंच कॉलरचा, जागोजाग जोड दाखवणारा चिलखती पोशाख चढवला, तेव्हा कळलं की ती चड्डी कमरेपाशी निळ्या रंगाला थांबवण्याचं मोठं काम करत होती. तिच्यावाचून सुपरमॅन गळ्यापासून बुटांपर्यंत सलग निळा दिसायला लागला. मध्ये पट्टा होता म्हणा, पण पट्ट्यानं काय होतंय!

दुसरं गेलं लग्न. क्लार्क केंट आणि लोईस लेन यांचं लग्न १९९६ साली झालं. अर्धं शतक आणि वर आणखी काही वर्षं तो तिच्यापासून आपलं खरं रूप लपवत आला होता. ते लग्न म्हणजे आमच्याही घरचं कार्य होतं, अक्षता टाकायचं तेवढं राहिलं. पंधरा वर्षांचा संसार झाला, आणि एका बुधवारी कळलं की ते लागलंच नव्हतं. कोर्ट नाही, वकील नाही, पोटगी नाही. नव्या ‘सुपरमॅन’च्या पहिल्याच अंकात क्लार्क तिच्या घरी जातो, तर तिथे दुसराच एक तरुण घरच्यासारखा वावरतोय. पृथ्वी उचलू शकणारा माणूस दारातून तोंड घेऊन परत फिरतो. हा प्रसंग लिहिणारा जॉर्ज पेरेझ म्हणजे तोच, ज्यानं १९८५ साली या विश्वाचा पहिला मोठा प्रलय चित्रित केला होता. त्याला निदान अनुभव तरी होता.

तिसरे गेले आईवडील. जोनाथन आणि मार्था केंट हे दाम्पत्य १९८६ पूर्वीच्या विश्वात वारलेलं होतं. १९८६ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकारानं सुपरमॅनची गोष्ट नव्यानं मांडली, त्यात दोघं हयात. पुढे २००८ मध्ये जोनाथन गेले, मार्थाबाई उरल्या. २०११ च्या रिबूटमध्ये दोघं केव्हाच गेलेले. २०१९ सरता सरता दोघं परत आले. २०११ चा पितृपक्ष न्यू ५२ च्याच महिन्यात आला होता. अशा घरात पान वाढायचं की नाही, हे सांगायला कोणता गुरुजी तयार होईल?

या तिन्हींवर मी हसू शकतो. बार्बरा गॉर्डनवर मात्र मला हसता आलं नाही. ती मूळची बॅटगर्ल. १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकरनं तिला गोळी घातली आणि तिचे पाय गेले. एखादीला तिथेच विसरून गेले असते. पण दुसऱ्या लेखकांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून, संगणकासमोर आणून ‘ओरॅकल’ केलं, आणि बघता बघता अख्ख्या सुपरहिरो मंडळाचं डोकं म्हणजे तीच झाली. बॅटमॅनसुद्धा अडला की तिला विचारायचा. तेवीस वर्षं ती खुर्चीत होती आणि खुर्चीतून धावत्यांना दौडवत होती. रिबूटमध्ये ती बरी झाली, पुन्हा टोपी घालून गच्च्यांवरून उड्या मारू लागली. ती लिहायला बसली गेल सिमोन, जिनं वर्षानुवर्षं ओरॅकल जीव लावून लिहिली होती. अंक चांगले निघाले. पण बॅटगर्ल व्हायला कोणीही होतं, नव्हे, मध्यंतरी दोघी होऊनही गेल्या होत्या. ओरॅकल एकच होती. आणि नव्या वाचकाला खुर्चीतली बाई नको असते हे कोणी ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

एवढं करूनही पाटी नीट पुसली असती तर मी गप्प बसलो असतो. पण बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांच्या मालिका तेव्हा जोरात खपत होत्या, त्यामुळे त्यांच्या इतिहासाला फारसा हात लावला नाही. म्हणजे एकाच विश्वात सुपरमॅनचा संसार झालाच नव्हता, पण बॅटमॅनचं मात्र जवळजवळ सगळं झालं होतं. आणि तेही पाच-सहा वर्षांत, कारण सुपरहिरो जगाला दिसू लागून तेवढाच काळ झालाय असं नव्या नियमात ठरलं होतं. हे गणित किती भक्कम आहे ते माझ्या भाच्यानं दाखवून दिलं.

भाचा तेव्हा बारा वर्षांचा. म्हटलं, आपल्या हाताशी एक नवा वाचक आहे, तर करून बघू. न्यू ५२ पासून अंक दुकानात आले की त्याच दिवशी डिजिटलही मिळू लागले होते, ही एक गोष्ट मात्र मी डीसीच्या जमेला मनापासून धरतो. फूटपाथवर तिसऱ्या भागासाठी दिवाळीपर्यंत थांबलेल्या माणसालाच तिचं मोल कळेल. ताईकडे आरतीला गेलो तेव्हा प्रसाद खाऊन त्याला गाठलं आणि टॅबलेट हातात दिला.

“हे बघ, अगदी पहिल्यापासून आहे. मागचं काही माहीत असायची गरज नाही.”

“मागचं म्हणजे काय?”

“काही नाही. मागचं काही नाहीच.”

“मग गरज नाही असं का म्हणालास?”

‘जस्टिस लीग’ त्यानं दहा मिनिटांत संपवला आणि “मारामारी छान आहे” एवढा अभिप्राय देऊन पुन्हा मोदकांकडे वळला. पुढे ‘वंडर वुमन’ आली. पूर्वी तिच्या आईनं तिला मातीतून घडवलं होतं. नव्या मालिकेत ती मातीची नसून झ्यूसची मुलगी असल्याचं निघालं. मी हळहळत हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “पण मातीचीच भारी होती की! बाप्पासारखी.” माझ्या मनात आशा पालवली. मग त्यानं ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ उघडला.

“मामा, याला बॅटमॅन होऊन किती वर्षं झाली?”

“पाच-सहा.”

“आणि हा रॉबिन त्याचा मुलगा? केवढा आहे?”

“दहा वर्षांचा.”

“आणि हा कितवा रॉबिन?”

“चौथा.”

त्यानं बोटांवर हिशेब केला. “म्हणजे एकेक रॉबिन दीड वर्ष? आमच्या क्लासचे सर पण याच्यापेक्षा जास्त टिकतात. आधीचे तिघं कुठे गेले?”

झालं. मागचं काहीच नाही म्हणणारा मी मांडी ठोकून बसलो आणि मागचं सगळं सांगू लागलो. पहिला डिक ग्रेसन, सर्कशीतला पोर, मोठा होऊन नाइटविंग झाला. दुसरा जेसन टॉड. त्याला मारायचं की ठेवायचं हे डीसीनं १९८८ साली वाचकांवर सोपवलं, पैसे पडणारे दोन फोन क्रमांक देऊन. मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१.

“बहात्तर मतांनी पडला?” भाचा ओरडला. ताई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, “कोण पडलं?”

“मग तो मेला?”

“मेला. पण नंतर परत आला.”

“कसा?”

आता काय सांगू? “सुपरबॉय-प्राइम नावाचा एक मुलगा होता. तो विश्वाच्या बाहेर अडकला होता. रागारागानं त्यानं वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्यानं भिंत हादरली आणि इतिहास जागोजाग बदलला. त्या हिसक्यात जेसन जिवंत झाला.”

ही मी रचलेली थाप नाही. २००५-०६ च्या सुमाराला डीसीनं हे गंभीरपणे छापलेलं आहे. माझी अपेक्षा होती की पोरगं हसेल. त्यानं टॅबलेट बाजूला ठेवला, मांडी घातली आणि विचारलं, “ते कुठल्या अंकात आहे?”

म्हणजे बघा. नव्या वाचकासाठी साफसूफ करून, रंग देऊन, तोरण बांधून जे दार उघडलं होतं त्यातून हा दहा मिनिटांत बाहेर आला, आणि ज्या अडगळीला तो घाबरेल म्हणून ती लपवली होती तिच्यात जाऊन बसला. त्या रात्री जेवायला हाका मारल्या तरी दोघं उठलो नाही. तिसरा रॉबिन बॅटमॅनला स्वतःहून शोधत कसा आला, १९६१ साली दोन फ्लॅश एकमेकांना भेटले तेव्हा दोन पृथ्व्या कशा निघाल्या, मग त्यांच्या अगणित कशा झाल्या आणि १९८५ साली त्या आवरायला बारा अंकांचा प्रलय का घालावा लागला, असं करत करत आम्ही मागे मागे गेलो. ताईनं शेवटी विचारलं, “हा याचा अभ्यास आहे की तुझा?”

तुम्ही म्हणाल, नायक म्हातारा होऊ द्यायचा नसेल तर रिबूटवाचून गत्यंतर काय? आहे. ली फॉक या गृहस्थानं ते १९३६ सालीच काढलं होतं. त्याचा नायक मराठी मुलांना इंद्रजाल कॉमिक्समधून ‘वेताळ’ म्हणून माहीत होता. जंगलाला वाटतं वेताळ चारशे वर्षं जिवंत आहे. प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आपण वाचतो तो एकविसावा. इतिहास पुसायचा नाही, वारस नेमायचा. वेताळाच्या कवटीच्या गुहेत वीस पूर्वजांच्या रोजनिशा नीट लावून ठेवलेल्या आहेत. डीसीच्या कचेरीत तशी एखादी गुहा असती तर कितीतरी प्रलय टळले असते. आणि आपला फास्टर फेणे? भा. रा. भागवतांनी त्याला विद्याभवनच्या वर्गात बसवला तो बसवला, सायकलही तीच. वय विचारायला कोणी गेलं नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर न्यू ५२ मध्ये काही अस्सल माल होता. स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो यांचा ‘बॅटमॅन’ तर असा, की घुबडांच्या त्या गुप्त मंडळाच्या कथेतला चक्रव्यूहाचा अंक वाचताना पानं आडवी, मग उलटी धरावी लागतात, आणि बॅटमॅनसारखंच आपलंही डोकं फिरतं. याची मला जास्त चीड आली. वाईट असतं तर बंद करता आलं असतं. जुन्या वाचकाची ही गंमत प्रकाशकाला पुरेपूर कळलेली असते. तो चिडला की आधी अंक विकत घेतो, कारण वाचल्याशिवाय शिव्या घालणं त्याच्या तत्त्वात बसत नाही. ‘जस्टिस लीग’चा तो पहिला अंक त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपला. नवे वाचक त्यात किती, मला माहीत नाही. चिडलेल्यांपैकी निदान एकजण ठाण्यात होता.

आणि मग २०१६ उजाडलं. डीसीला साक्षात्कार झाला की लोकांना जुनंच हवंय. मे महिन्यात ‘रिबर्थ’ आला. दहा वर्षं इतिहासातून कोणीतरी चोरली होती म्हणे, आणि चोर निघाला ‘वॉचमेन’मधला डॉक्टर मॅनहॅटन. न्यू ५२ चा उंच कॉलरवाला सुपरमॅन मेला. त्याच्या जागी कोण आला? माझा! जुना, लग्न झालेला, सोबत लोईस आणि त्यांचा मुलगा जॉन. ‘ॲक्शन कॉमिक्स’ला जुना आकडाही परत मिळाला, ९५७. हिशेब करा: ९०४ अधिक न्यू ५२ चे ५२ अंक. म्हणजे त्या पाच वर्षांतल्या घटनांवर बोळा फिरवला, अंक मात्र मोजून घेतले, कारण २०१८ साली सुपरमॅनच्या ऐंशीव्या वर्षी हजारावा अंक काढायचा होता. तो निघाला, आणि त्यात चड्डीही परत आली.

मी पेढे घेऊन ताईकडे गेलो. भाचा तेव्हा सतरा वर्षांचा, अकरावी पार केलेला, ओठांवर मिसरूड. त्यानं पेढ्याला हात लावला नाही.

“माझा सुपरमॅन मारला त्यांनी.”

“अरे, तो कुठला खरा? हा खरा.”

“मी बारा वर्षांचा असल्यापासून तोच वाचतोय. त्याचं वंडर वुमनबरोबर होतं, ते काय खोटं? जीन्स घालून फिरायचा, ते खोटं? पाच वर्षं वाचलं ते सगळं काय उगीच?”

पाच वर्षांपूर्वी हीच वाक्यं मी म्हटली होती, आणि तेव्हा त्यानं दिलेलं उत्तर मला पाठ होतं. मी त्याला तेच दिलं: “पण मारामारी छान आहे.” पुढच्या वर्षी एका कथेत दोन्ही सुपरमॅन मिसळून एक केले, दोघांच्या आठवणी एकत्र. भाचा म्हणाला, “माझा अर्धाच आला.” आणि २०२१ मध्ये तर डीसीनं सरसकट जाहीर करून टाकलं की आजवर जे जे छापलं ते सगळंच घडलेलं आहे. वर्षानुवर्षं ज्या बांधकामांना नोटिसा बजावल्या ती एका फटक्यात गुंठेवारीत नियमित झाली. माझं १९९६ चं लग्न कायदेशीर, त्याची वंडर वुमनही कायदेशीर. दोन्हीपैकी एकाही पक्षाचं समाधान झालं नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा एक पहिला अंक निघाला: ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’. लेखक पुन्हा स्नायडरच. या विश्वातल्या ब्रूस वेनकडे पैसा नाही, वाडा नाही, आणि त्याची आई जिवंत आहे. रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. आता पंचवीस वर्षांचा घोडा, नोकरी करतो, पण आवाज अगदी माझ्यासारखा चढलेला.

“मामा, बॅटमॅनकडे पैसे नाहीत? मग तो बॅटमॅन कसा? आणि आई जिवंत असेल तर हा चिडलाय कशावर? काढतात कोणासाठी हे?”

“नव्या वाचकासाठी,” मी म्हणालो.

“कोण असतो रे हा?”

“मला वाटलं होतं, तू.”

तो क्षणभर थांबला. मी विचारलं, “घेतलास की नाही?”

“दोन मुखपृष्ठांचे घेतलेत. तुला कुठलं हवंय?”